शरीरातला धातू बाहेर काढणारी औषधं: युद्धातल्या वायूपासून पुण्यातल्या पितळी तपेलीपर्यंत

रसायनी

हृदयरोगाच्या धाग्यावर माणदेशी यांनी विचारलं होतं की वडिलांना कीलेशनच्या ड्रिप सुचवल्या आहेत, त्या घ्याव्यात का. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय. कीलेशनची, म्हणजे शरीरातला धातू धरून बाहेर काढणारी, औषधं खरी आहेत, त्यांनी असंख्य जीव वाचवलेत, आणि तरीही त्यांच्या नावाखाली आज जे विकलं जातं त्यातलं बरंच घातक आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांना मी बरीच वर्षं हा विषय शिकवला. इतिहास सांगितला की त्यांना औषधही समजायचं आणि त्याची मर्यादाही, असा माझा अनुभव आहे.

शिसं, पारा, आर्सेनिक, तांबं, लोह यांचं शरीरात काय होतं ते आधी बघू. इतर बहुतेक विषांचे रेणू यकृत फोडतं आणि निकामी करतं. धातूचा अणू असा फोडता येत नाही. तो प्रथिनांना, विशेषतः त्यांच्यातल्या गंधकाला, चिकटून बसतो आणि त्या प्रथिनाचं काम बंद पाडतो. त्याला तिथून सोडवायचं तर त्याला अधिक घट्ट धरणारा रेणू हवा, आणि तो रेणू धातूसकट लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडायला हवा. कीलेशनचं औषध म्हणजे असा रेणू.

यातलं पहिलं महत्त्वाचं औषध युद्धाच्या भीतीतून निघालं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत विनफर्ड ली लुईस यांच्या गटाने आर्सेनिक असलेलं एक द्रव्य तयार केलं. कातडीवर फोड आणणारं, डोळे जाळणारं. त्याला लुईसाइट म्हणतात. ते रणांगणावर पोचायच्या आत युद्ध संपलं, पण १९३९ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिशांना धास्ती होती की जर्मनी हे वापरणार. ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांची प्रयोगशाळा त्यावर उतारा शोधायला बसली. पीटर्स मूळचे ब १ जीवनसत्त्वावर काम करणारे. पायरुवेट हा पदार्थ पेशी कसा जाळते हे त्यांनी कबुतरांच्या मेंदूत अभ्यासलं होतं, आणि आर्सेनिक नेमका तोच टप्पा अडवतं.

इथली एक पायरी मला फार आवडते. आर्सेनिक गंधकाला चिकटतं हे तर माहीत होतं, म्हणून आधी एकेक गंधकगट असलेले साधे रेणू वापरून पाहिले. उपयोग यथातथाच. मग लॉइड स्टॉकन आणि रॉबर्ट थॉम्पसन यांनी केसातल्या केराटिन या प्रथिनावर आर्सेनिक बसवून मोजमाप केलं, तेव्हा दिसलं की बहुतेक आर्सेनिक एका वेळी दोन गंधकांना धरून बसलंय. म्हणजे सोडवणाऱ्या रेणूलाही शेजारी शेजारी दोन गंधक हवेत! १९४० मध्ये स्टॉकननी तसा रेणू तयार केला. युद्ध संपेपर्यंत तो गुप्त राहिला आणि १९४५ मध्ये 'नेचर'मध्ये जाहीर झाला. ब्रिटिश अँटी-लुईसाइट, थोडक्यात बीएएल.

लुईसाइटच्या रुग्णांवर तो वापरायची वेळ फारशी आली नाही. उपयोग झाला तो गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रुग्णांना. पेनिसिलिन हाताशी येण्याआधी त्यांना आर्सेनिकची इंजेक्शनं देत, आणि काहींची सगळी कातडी त्याने सोलून निघे. बीएएलने असे रुग्ण वाचू लागले. औषध मात्र देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची परीक्षा पाहणारं होतं. शेंगदाण्याच्या तेलात मिसळून स्नायूत खोलवर टोचायचं, प्रचंड दुखायचं, रक्तदाब चढायचा. आजही ते याच पद्धतीने देतात, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर जपावं लागतं.

पुढची कडी विल्सनच्या आजाराची. यात जन्मजात दोषामुळे तांबं पित्तातून बाहेर पडत नाही; ते यकृतात आणि मेंदूत साठतं. किन्नियर विल्सननी १९१२ मध्ये आजाराचं वर्णन केलं तेव्हा निदान म्हणजे मृत्यूची शिक्षाच होती. १९४८ मध्ये कमिंग्जनी मृत रुग्णांच्या यकृतात आणि मेंदूत भरपूर तांबं दाखवलं, आणि १९५१ मध्ये बॉस्टनला डेनी-ब्राउन यांनी बीएएल देऊन रुग्णांचा कंप कमी झाल्याचं प्रसिद्ध केलं. पण आयुष्यभर ही इंजेक्शनं कोण सोसणार?

त्याच बॉस्टनमध्ये १९५५ च्या सुमारास जॉन वॉल्श हे तरुण ब्रिटिश डॉक्टर आले. पूर्वी लंडनमध्ये पेनिसिलिन घेणाऱ्या यकृतरुग्णांच्या लघवीत त्यांना एक अनोळखी पदार्थ सापडला होता: पेनिसिलामिन. विल्सनचा रुग्ण समोर आल्यावर त्यांना तो रेणू आठवला. त्यात गंधक आणि अमिनो गट जवळजवळ आहेत, मग तो तांबं धरेल! औषध आधी स्वतः घेतलं, मग रुग्णाला दिलं. लघवीतून तांबं धो धो बाहेर आलं. १९५६ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि एका जीवघेण्या आनुवंशिक आजारावर तोंडाने घ्यायचा उपाय मिळाला. काहींच्या मूत्रपिंडाला पेनिसिलामिन सोसेना, म्हणून १९६९ मध्ये वॉल्शनीच ट्रायएंटीन आणलं. रुग्णाला औषध सोसत नाही म्हणून दुसरं शोधायचं, हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. वयाची शंभरी ओलांडून २०२२ मध्ये ते गेले.

ईडीटीए नावाचं आणखी एक औषध, थॅलसेमिया या जन्मजात रक्तविकारातली औषधं आणि आपल्या पुण्याचं मोठं काम प्रतिसादांत घेऊ.

मोरपंखी

वाचतेय. एक शंका. हे रेणू धातू धरतात, तर शरीराला लागणारे धातू सोडतात का? जस्त, कॅल्शियम वगैरे?

रसायनी

मोरपंखी, सोडत नाहीत, आणि सगळा धोका तिथेच आहे. ईडीटीए १९३५ मध्ये जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ यांनी बनवलं ते कापडउद्योगासाठी, पाण्यातला कॅल्शियम बांधून ठेवायला. सीबीसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात ना, त्या नळीत हेच असतं. कॅल्शियम बांधला गेला की रक्त गोठत नाही. हाच पदार्थ शिरेतून वेगाने सोडला तर रक्तातला कॅल्शियम कोसळून हृदय थांबू शकतं. म्हणून शिशाच्या विषबाधेत कॅल्शियम आधीच जोडलेलं ईडीटीए देतात. शिसं कॅल्शियमला ढकलून त्याची जागा घेतं, रक्तातला कॅल्शियम तसाच राहतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हे सुरू झालं. घरांच्या जुन्या रंगाचे पापुद्रे खाऊन तिथल्या गरीब वस्त्यांतली मुलं झटके येऊन मरत होती. बाल्टिमोरच्या ज्युलियन चिझोम यांनी १९६० च्या दशकात बीएएल आणि ईडीटीए एकत्र देऊन अशी मुलं वाचवली.

दोन्ही बाटल्यांवर ईडीटीए लिहिलेलं असतं, एकात कॅल्शियम आणि एकात फक्त सोडियम. या गोंधळातून माणसं मेली आहेत. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात असे मृत्यू अधिकृतपणे नोंदले गेले, त्यात लहान मुलंही होती. एका पाच वर्षांच्या मुलाला तर स्वमग्नतेवर उपचार म्हणून ते दिलं होतं.

उल्हास_काठ

माझी मुलगी थॅलसेमिया मेजर आहे, आता कॉलेजात जाते. या विषयावर मराठीत कुणी लिहिलं म्हणून मुद्दाम लॉगिन केलं.

आमच्याकडे दर तीन आठवड्यांनी रक्त. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह आत जातं, आणि शरीर दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम बाहेर टाकतं. हिशोब कुणालाही कळेल. रक्त नाही दिलं तर मूल जगत नाही, दिलं तर लोह हृदयात साठतं. ती लहान असताना डेस्फेराल या लोह बाहेर काढणाऱ्या औषधाचा पंप होता. पोटाच्या कातडीखाली बारीक सुई, रात्रभर आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. सुईची जागा सुजायची, तिथे गाठी व्हायच्या. ती रडायची आणि आम्ही दोघं आळीपाळीने जागायचो. पुढे केल्फरच्या कॅप्सूल आल्या, आणि आता पाण्यात विरघळणारी डेफेरासिरॉक्सची गोळी. तिच्या हृदयाचा एमआरआय यंदा चांगला आला.

आमच्या सिंधी समाजात हा आजार वाहणारी माणसं पुष्कळ आहेत. लग्नाआधी दोघांनीही एचबीए-टू (आपण आजार वाहतो का हे सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या, हे मी प्रत्येक घरी जाऊन सांगतो, इथेही सांगतो.

रसायनी

उल्हास_काठ, तुम्ही लिहिलंत ते कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाचं आहे. मुलीला शुभेच्छा.

तुमच्या घरातल्या पहिल्या दोन औषधांमागचा इतिहास सांगते. डेस्फेराल मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस या सूक्ष्मजीवाकडून मिळालं. बासेलची सिबा कंपनी आणि झुरिचचे संशोधक प्रतिजैविकं शोधत होते. त्यात १९६० च्या आसपास लोह घट्ट धरणारे रेणू हाती लागले. तो सूक्ष्मजीव मातीतलं लोह मिळवायला हे रेणू सोडतो. त्यातलं लोह काढून टाकलं की रिकामा रेणू माणसातलं लोह धरतो. पण तोंडाने घेतला तर आतड्यातून शोषला जात नाही आणि रक्तात फार टिकत नाही. म्हणून १९७० च्या दशकात बॉस्टन आणि लंडनच्या डॉक्टरांनी कातडीखाली सावकाश देणारा पंप वापरायला सुरुवात केली. तुम्ही ज्या रात्री जागलात त्या या पद्धतीमुळे, आणि तरीही जगभरातली एक पिढी तिनेच तिशीपलीकडे नेली.

केल्फर म्हणजे डेफेरिप्रोन. हा रेणू इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात हायडर आणि कोंटोगिओर्गिस यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात आकाराला आला. त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांपैकी एक मुंबईत झाली. रक्तविकारतज्ज्ञ डॉ. एम. बी. अगरवाल आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि मुंबईच्याच सिप्लाने औषध बाजारात आणलं. भारतात परवाना १९९० च्या दशकाच्या मध्यात, युरोपात १९९९ मध्ये, अमेरिकेत थेट २०११ मध्ये. तोंडाने घ्यायचं लोहाचं औषध आपल्याकडच्या मुलांना अमेरिकेतल्या मुलांच्या कितीतरी आधी मिळालं, याचा मला मनापासून अभिमान आहे. धोका आहेच. शंभरातल्या एखाद्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात, म्हणून आठवड्याची रक्ततपासणी चुकवायची नाही आणि ताप आला की औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. टोरोंटोच्या नॅन्सी ऑलिव्हिएरी यांना याच औषधाबद्दलची आपली चिंता रुग्णांना सांगायची होती. तेव्हा चाचणीचा खर्च करणाऱ्या कंपनीने त्यांना खटल्याची धमकी दिली. ऑलिव्हिएरी यांची चिंता कितपत बरोबर होती यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले, पण रुग्णाला सांगण्याचा डॉक्टरचा हक्क त्यांनी लढून राखला.

कसबा_पेठ

माझं वय पंचाहत्तर. लहानपणी आमच्या वाड्यात दोन भावंडं वर्षा-दीड वर्षाची होऊन गेली. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या, सारखी किरकिर, शेवटी कावीळ. "लिव्हर झालं" एवढंच बोलायचे. त्या घरात तिसरं मूल झालं तेव्हा सगळ्यांनी देव पाण्यात ठेवले होते. शीर्षकात पितळी तपेली वाचली म्हणून विचारतो, ते हेच का?

बालरोग_पुणे

कसबा_पेठ, बहुधा तेच. इंडियन चाइल्डहुड सिर्‍होसिस. लहान मुलांचं यकृत घट्ट करून निकामी करणारा आजार. मी विद्यार्थिदशेत याचे शेवटचे काही रुग्ण पाहिले.

कलकत्त्याला १८८७ मध्ये याचं वर्णन झालं. सहा महिने ते तीन-चार वर्षांची मुलं, एका घरात एकापाठोपाठ एक, आणि काविळीच्या टप्प्याला पोचलेलं मूल सहसा काही महिन्यांत जाई. नव्वद वर्षं कारण सापडलं नाही. विषाणू, बुरशीचं विष, आनुवंशिकता, सगळ्यांवर संशय झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस यकृताच्या तुकड्यांना ऑर्सिनचा रंग दिला तेव्हा पेशी तांब्याने गच्च भरलेल्या दिसल्या. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. या मुलांत ते हजाराच्या घरात होतं, विल्सनच्या रुग्णांइतकं किंवा जास्त.

मग पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी घराघरांत जाऊन विचारलं की बाळाला दूध कधीपासून आणि कशातून दिलंत. या मुलांना आईचं दूध लवकर सुटलेलं किंवा वरचं लवकर सुरू झालेलं, आणि गाईम्हशीचं दूध पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेलं. दुधातलं केसिन हे प्रथिन भांड्यातलं तांबं भराभर उचलतं. कल्हई शाबूत असेल तर बरंच वाचतं. ती उडाली, आणि कल्हईवाला गावात येईनासा झाला, की दूध थेट पितळेला लागतं. १९८३ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

आता कीलेशनचा भाग. त्यांनी या मुलांना पेनिसिलामिन दिलं. काविळीनंतर आलेल्या मुलांना ते फारसं वाचवू शकलं नाही. लवकर आलेल्यांपैकी काही वाचली, आणि १९९६ मध्ये पुण्याच्याच गटाने दाखवलं की वाचलेल्या मुलांची यकृतं पुढे चांगली राहिली आणि औषध बंद केल्यावरही आजार उलटला नाही. विल्सनमध्ये औषध जन्मभर लागतं, इथे थांबवता आलं, कारण तांबं बाहेरून आलेलं होतं. यातून कारणालाही बळकटी मिळाली. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या टायरोल भागातून बातमी आली: १९०० ते १९७४ दरम्यान तिथे १३८ मुलं अशाच आजाराने गेली होती, तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवत, आणि भांडी बदलल्यावर आजार गेला.

तेच दूध पिऊन काही मुलं ठणठणीत का राहिली? काहीतरी आनुवंशिक कल असणार, आणि त्यावर वाद संपलेला नाही. पण स्टीलची पातेली आली, आयांना सांगितलं गेलं, आणि माझ्या हाताखालचे आजचे विद्यार्थी हा आजार फक्त परीक्षेसाठी वाचतात.

कसबा_पेठ

डॉक्टर, धन्यवाद. त्या घरचं दूध पितळी तपेलीतच असायचं, मला स्वच्छ आठवतं. माउलीला सत्तर वर्षं कुणी सांगितलं नाही की तिचा काही दोष नव्हता.

मोरपंखी

मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी? आमच्याकडे सासूबाई रोज पितात.

बालरोग_पुणे

मोठ्या निरोगी माणसाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तातून टाकून देतं, आणि साध्या पाण्यात ते दुधाच्या मानाने फार कमी उतरतं. सासूबाईंना पिऊ द्या. ताक, लिंबूपाणी, कोकम त्यात अजिबात ठेवू नका, आणि तान्ह्या बाळाच्या दुधाला तांबं-पितळ लावू नका. घरात विल्सनचा रुग्ण असेल तर ती भांडी नकोतच.

घाटवाट

भस्मांबद्दल कुणी बोलेल का? काकांच्या रक्तात शिसं निघालं, पोटदुखी आणि अशक्तपणा होता. नंतर कळलं की एका ओळखीच्याकडून आणलेल्या पुड्या चालू होत्या.

रसायनी

घाटवाट, पुड्या सगळ्यात आधी बंद, आणि तपासणीसाठी जपून ठेवा. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. भारतातल्या रुग्णांची वर्णनंही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

कीलेशन लागेल की नाही हे पातळीवर आणि लक्षणांवर ठरतं. डीएमएसए म्हणजे सक्सिमर हे तोंडाने घ्यायचं औषध अमेरिकेत १९९१ मध्ये मुलांसाठी मंजूर झालं, रक्तातलं शिसं डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर. त्याखालच्या मुलांनाही फायदा होतो का हे पाहायला ७८० मुलांवर चाचणी केली. २००१ मध्ये निकाल आला: रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत फरक नाही. झालेली इजा भरून आली नाही.

आणि उगम तसाच ठेवून औषध देणं धोक्याचं आहे. २०१० मध्ये नायजेरियाच्या झामफारा भागात घरोघर सोन्याचं खनिज कुटत असताना शिशाची धूळ पसरून चारशेहून जास्त मुलं गेली. तिथे डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सच्या लोकांनी आधी गावाची माती खरवडून स्वच्छ करून घेतली आणि मग त्या गावातल्या मुलांना सक्सिमर दिलं.

माणदेशी

ताई, आता बाबांचं सांगा. तीस ड्रिप, पैसे आगाऊ. "नळ्यांमधला चुना धुऊन निघतो" असं समजावलं. बाबांना मधुमेह आहे, हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला.

रसायनी

माणदेशी, ही कल्पना १९५० च्या दशकात डेट्रॉइटच्या नॉर्मन क्लार्क यांनी मांडली. ईडीटीए कॅल्शियम धरतं, धमनीतल्या थरात कॅल्शियम असतं, म्हणून तो निघेल. धमनीतला थर चरबी, तंतू आणि पेशींचा असतो. रक्तातला कॅल्शियम खाली आणून तो विरघळत नाही.

तरीही हे नीट तपासलं गेलं. अमेरिकेत सरकारी खर्चाने झटका येऊन गेलेल्या १७०८ रुग्णांवर चाचणी झाली आणि निकाल २०१३ मध्ये आला. मृत्यू, पुन्हा झटका, अँजिओप्लास्टी वगैरे मिळून ईडीटीए गटात २६ टक्के, खोट्या ड्रिपच्या गटात ३० टक्के. फरक थोडा, आणि तो बहुतेक मधुमेहींमध्ये. म्हणून फक्त मधुमेही, झटका येऊन गेलेले, अगदी तुमच्या बाबांसारखे सुमारे हजार रुग्ण घेऊन चाचणी पुन्हा केली. निकाल २०२४ चा: रक्तातलं शिसं निम्म्याहून खाली गेलं, हृदयाला काहीही फायदा झाला नाही.

तेव्हा ते पैसे वाचवा. बाबांची स्टॅटिन, ॲस्पिरिन, रक्तदाबाची आणि साखरेची औषधं एक दिवसही बंद करू नका. ड्रिपवाले ती बंद करायला सांगत असतील तर तिथून बाबांना लगेच घरी आणा.

माणदेशी

स्टॅटिन बंद करायला सांगितली होती. उद्या सकाळीच नेहमीच्या डॉक्टरांकडे नेतो. उपकार झाले.

दापोली_कर

एका लेखात वाचलं की फुरशाच्या विषावरही यातलं एक औषध चालतं. आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत बागेत काम करणाऱ्यांना फुरसं चावतं. खरं आहे का?

रसायनी

खरं आहे, पण अजून वापरायच्या टप्प्यावर नाही. फुरशाच्या कुळातल्या सापांच्या विषात रक्तवाहिन्या फोडणारी आणि रक्त न गोठू देणारी काही विकरं असतात. त्यांना काम करायला जस्त लागतं. सोव्हिएत काळात युक्रेनमध्ये बनलेलं डीएमपीएस हे बीएएलचं पाण्यात विरघळणारं भावंड जस्त धरतं. लिव्हरपूलच्या गटाने २०२० मध्ये उंदरांवर दाखवलं की पश्चिम आफ्रिकेतल्या फुरशाच्या विषापासून ते वाचवतं. पुढे केनियात निरोगी स्वयंसेवकांवर सुरक्षिततेची चाचणी झाली. तोंडाने देता येतं, त्यामुळे दवाखान्यात पोचेपर्यंतचा वेळ मिळवायला ते कामी येईल अशी आशा आहे. आपल्या कोकणातल्या फुरशावर आणि चावलेल्या माणसांवर ते सिद्ध व्हायचं आहे.

तोवर चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, घट्ट बांधायचा नाही, कापायचा नाही, आणि प्रतिसर्पविष असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. बागेतल्या माणसांना गमबूट द्या. पालापाचोळा हाताने उचलायला लावू नका.